मणक्याची शस्त्रक्रिया, मधुमेह आणि पॅकेजबाहेरचे दिवस

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांतून पाणी येऊ लागले, जखम लाल झाली, अंगात ताप राहू लागला की नातेवाइकांचा पहिला संशय शस्त्रक्रियागृहावर जातो. थिएटर स्वच्छ नसेल, अवजारांचे निर्जंतुकीकरण नीट झाले नसेल, ड्रेसिंग करणाऱ्याने हात धुतले नसतील, अशी चर्चा वॉर्डाबाहेरच्या बाकांवर सुरू होते. त्यावर डॉक्टरांकडून ठरलेले उत्तर येते : ‘तुमच्या पेशंटला शुगर होती ना, त्यामुळे झालं.’ दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य असू शकते आणि दोन्ही बाजू त्यातला सोयीचा तेवढाच भाग उचलतात. मधुमेहामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो हे शस्त्रक्रियेनंतर स्पष्टीकरण म्हणून सांगता येत असेल, तर शस्त्रक्रियेआधी ते काम म्हणून कोणी अंगावर का घेत नाही, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एखाद्या डॉक्टरच्या निष्काळजीपणात कमी आणि आपल्या आरोग्य योजनांची व विम्याची पॅकेजे, म्हणजे एका उपचारासाठी ठरवून दिलेली रक्कम आणि दिवस, ज्या पद्धतीने आखली गेली आहेत तिच्यात अधिक सापडते, असे माझे मत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा मार्ग अरुंद होणे, मणके एकमेकांवरून घसरणे, गादी सरकून नस दबणे, या ज्या तक्रारींसाठी मणक्यावर शस्त्रक्रिया होते, त्यांतल्या बऱ्याचशा चाळिशी-पन्नाशीनंतर डोके वर काढतात, आणि मधुमेहाचे वयही तेच. त्यामुळे मणक्याच्या शल्यविशारदासमोर मधुमेहाचा रुग्ण अपवाद म्हणून येत नाही. तो रोजच येतो. रोजच्या गोष्टीसाठी व्यवस्थेत रोजची तरतूद असायला हवी.

धोका फुगवून सांगण्यात मात्र अर्थ नाही, कारण मणक्याच्या ऑपरेशनबद्दल आपल्या समाजात आधीच पुष्कळ भीती आहे आणि त्या भीतीपायी लोक पाय लुळे पडू लागेपर्यंत कमरेचा पट्टा बांधून दिवस काढतात. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण साधारणपणे शंभरात दोन ते चार रुग्ण असे आढळते आणि मधुमेहात ते ढोबळमानाने दुप्पट होते. याचा अर्थ मधुमेह असलेल्या बहुसंख्य रुग्णांची जखम नीट भरून येते. पण ज्यांची भरत नाही त्यांना पुन्हा भूल घ्यावी लागते, जखम उघडून धुवावी लागते, अनेक आठवडे शिरेतून प्रतिजैविके चालू राहतात, आणि ज्या कामासाठी हाडे जोडली ते जोडकामच निकामी होण्याची शक्यता निर्माण होते. रोजंदारीवर घर चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

रक्तातील साखर चढलेली असताना पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत पोहोचण्यात आणि त्यांना गिळण्यात कमी पडतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या आधीच खराब झालेल्या असल्यामुळे जखमेला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि जखम बांधून धरणारे कोलॅजेनही दुबळे तयार होते. एवढे कोणत्याही शस्त्रक्रियेला लागू आहे. मणक्याच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. पाठीचे जाड स्नायू हाडांपासून सोडवून बराच वेळ बाजूला ओढून धरावे लागतात, त्यामुळे त्यांचा रक्तपुरवठा मंदावतो. स्नायूंखाली पोकळी राहते आणि तिच्यात रक्त साचते. जखम कमरेच्या खालच्या बाजूला असेल तर रुग्ण तिच्यावरच झोपतो, तिथेच घाम साचतो आणि बेडपॅनची ओलही तिथवर पोहोचू शकते. हाडे सांधण्यासाठी स्क्रू आणि सळ्या बसवल्या असतील तर प्रश्न अधिक अवघड होतो. धातूच्या पृष्ठभागावर जंतू, आणि त्यांत बहुधा आपल्याच त्वचेवर किंवा नाकात मुक्कामाला असणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, विहिरीच्या पायऱ्यांवरच्या शेवाळासारखा चिकट थर धरतात, आणि त्या थराखाली ना पांढऱ्या पेशी धड पोहोचतात ना औषध. शिवाय शस्त्रक्रियेचा ताण स्वतःच साखर वाढवतो, कारण त्या काळात शरीरात कॉर्टिसोल आणि अॅड्रिनलिन भरपूर स्रवतात. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड दिले असेल तर साखर आणखी चढते.

हा कार्यकारणभाव पुस्तकी नाही, हे दाखवणारे दोन अभ्यास सांगतो. अमेरिकेतील सेंट लुईस येथून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग झालेल्या रुग्णांची तुलना संसर्ग न झालेल्यांशी केली होती. त्यात मधुमेह असणाऱ्यांत संसर्गाची शक्यता साडेतीन पटींच्या आसपास निघाली. पण त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेआधी १२५ च्या वर किंवा नंतर २०० च्या वर साखर असणे हाही स्वतंत्रपणे तितकाच मोठा धोका ठरला. दुसरा अभ्यास जपानमधला, २०१४ चा. पाठीमागून स्क्रू आणि सळ्या बसवलेल्या ३४५ रुग्णांत मधुमेही होते ३६. मधुमेह नसलेल्यांत संसर्गाचे प्रमाण ३.२ टक्के होते, मधुमेह असलेल्यांत १६.७ टक्के. खरी मेख पुढे आहे. मधुमेह्यांपैकी ज्यांचे एचबीए१सी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘तीन महिन्यांची शुगर’, ७ च्या आत होते, त्यांच्यापैकी एकालाही संसर्ग झाला नाही. ज्यांचे ७ किंवा त्याहून जास्त होते, त्यांच्यात प्रमाण ३५.३ टक्के निघाले. ३६ माणसांच्या आकड्यांवर धोरण उभे करू नये हे उघड आहे, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत ही दरी इतकी खोल दिसत नाही. पण दिशा तीच राहते. रुग्णाच्या कागदावर मधुमेह लिहिला आहे की नाही यापेक्षा शस्त्रक्रियेच्या काळात तो आटोक्यात आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. पहिली गोष्ट बदलता येत नाही. दुसरी येते.

आता आपल्याकडे हे बदलण्याची संधी कुठे हुकते ते पाहू. शस्त्रक्रिया ठरते, रुग्ण दाखल होतो आणि त्याला ‘फिटनेस’साठी फिजिशियनकडे पाठवले जाते. ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर. साखर २६० आली तर इन्सुलिनची मात्रा ठरते, ‘मध्यम जोखीम, शस्त्रक्रियेस हरकत नाही’ असा शेरा पडतो, खाली सही आणि शिक्का. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी असते. एका रात्रीत इन्सुलिन देऊन ग्लुकोमीटरवरचा आकडा १८० वर आणता येतो, पण मागचे तीन महिने त्या रात्रीत बदलत नाहीत. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवायच्या असतात; तसे न केल्यास साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आहे आणि गावोगावच्या औषधांच्या चिठ्ठ्यांवर दिसते. आदल्या दिवशीचा फिटनेस एवढ्या साध्या सूचनेलाही उशिरा पोहोचतो. फिजिशियनला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यासमोर रुग्ण येतो तेव्हा ऑपरेशनची तारीख, थिएटर, स्क्रूचा सेट आणि भूलतज्ज्ञ हे सगळे ठरून गेलेले असते. त्या क्षणी ‘सहा आठवडे थांबा’ म्हणायला जो अधिकार लागतो, तो त्याला कोणी दिलेला नाही.

यावर झटपट सुचणारा उपाय म्हणजे एक आकडा ठरवून टाकणे. एचबीए१सी अमुकच्या वर असेल तर योजनेतून मंजुरी नाही. मला हा उपाय घातक वाटतो. अशी कोणतीही एक रेषा नाही की जिच्या अलीकडे सुरक्षितता आहे आणि पलीकडे धोका. कुणी ७ म्हणते, कुणी ७.५, आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने शक्य असेल तिथे ८ च्या आत असावे असे म्हटले आहे. धोका चढत्या उतारासारखा वाढत जातो. शिवाय आकड्याची भिंत उभी केली की ती कोणाला अडवील, हे आधीच सांगता येते. ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे, आहार सांगणारे कोणी आहे आणि महिन्याच्या औषधांचे पैसे आहेत, तो भिंतीपलीकडे जाईल. ऊसतोडीला जाणारी, सहा महिने एका गावात न राहणारी बाई अलीकडेच राहील. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेमुळे ज्याला दोनशे पावले चालता येत नाही, त्याला ‘रोज चाला, साखर उतरवा, मग या’ असे सांगणे हा तर क्रूर विनोद झाला. काहींची साखर आटोक्यात न येण्याचे एक कारण हीच वेदना असते, आणि ती वेदना थांबवायलाच शस्त्रक्रिया हवी असते.

थांबता येणारच नाही अशाही शस्त्रक्रिया आहेत. गादी सरकून लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना गेली, पायातले बळ तासागणिक कमी होऊ लागले, किंवा मणक्याच्या क्षयाने मज्जारज्जूवर दाब आला, तर एचबीए१सी ११ असले तरी थिएटरमध्ये न्यावेच लागते. मधुमेहात क्षयाचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, तेव्हा आपल्या देशात हे दोन्ही आजार एकाच पाठीत भेटणे ही दुर्मीळ गोष्ट नाही.

एचबीए१सी या चाचणीवर आंधळा विश्वास ठेवू नये याचे आणखी एक कारण आपल्या मातीतले आहे. तांबड्या पेशींच्या आयुष्यावर ही चाचणी अवलंबून असते. नंदुरबार, गडचिरोली, गोंदिया या भागांत सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक विकाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत; सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि आकडा फसवा, बहुधा खोटा कमी, येतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगात तो उलट थोडा जास्त दाखवू शकतो, आणि आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये तो पंडुरोग किती आहे हे सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी रोजच्या साखरेची वही किंवा फ्रुक्टोसामाइनसारखी दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी चाचणी लागते. मुंबईत बसून ठरवलेला एकच आकडा सगळ्या जिल्ह्यांना लावला तर नंदुरबारमधल्या धडगावचा रुग्ण कागदावर तंदुरुस्त ठरून थेट टेबलावर जाईल.

तरीही थांबण्याला अर्थ आहे, कारण मणक्याच्या बहुतेक शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या असतात आणि रुग्ण वर्षानुवर्षे दुखणे काढून त्या निर्णयापर्यंत आलेला असतो. आणखी सहा-आठ आठवड्यांनी त्याचे नुकसान होत नसेल, तर तो काळ कारणी लावता येतो. एचबीए१सीच्या आकड्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असतो, तेव्हा सहा आठवड्यांच्या नेटाच्या उपचारानेही तो हलतो. साखर मुद्दाम खाली आणल्याने संसर्ग किती कमी होतो याचा पुरावा बराचसा निरीक्षणांवर आधारलेला आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या उपायाने रुग्णाचे डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांचेही भले होणार आहे, त्याच्यासाठी पुराव्याची सर्वोच्च पायरी गाठेपर्यंत वाट पाहण्याचे कारण मला दिसत नाही.

आणि हे काम थिएटरच्या दाराशी संपत नाही. शस्त्रक्रियेच्या आगेमागे रक्तातील साखर १०० ते १८० च्या दरम्यान राखावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते. वॉर्डात प्रत्यक्षात काय होते? मधुमेही रुग्णाला यादीत पहिला क्रमांक द्यावा हे सर्वांना माहीत असूनही तो दुपारपर्यंत उपाशी असतो. नंतर साखर २५० झाली की इन्सुलिन, मग १२० झाली की काही नाही, मग पुन्हा २७०, असा चढउतार तक्त्यावर दिसतो, कारण आकडा वाढल्यावर मागून धावण्याची पद्धत परिचारिकेला सोयीची असते. तीन परिचारिकांचे काम एकीवर असताना तिने दुसरे काय करावे? भेटायला आलेली मंडळी अशक्तपणा भरून निघावा म्हणून गोड चहा, बिस्किटे आणि फळांचा रस आणतात. दुसरीकडे फार कडक शिस्तही बरी नव्हे. अतिदक्षता विभागातल्या ६,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइस-शुगर’ चाचणीत साखर ८१ ते १०८ च्या आत आवळून धरलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. मधला पट्टा सांभाळायला माणूस लागतो, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या लागतात आणि रात्री दोन वाजता बोट टोचणारे कोणी लागते. याचे पैसे पॅकेजच्या कोणत्या ओळीत आहेत, हे रुग्णालयाच्या हिशेबनिसाला विचारून पाहावे.

इथे मूळ मुद्दा येतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढाच आगेमागेचा खर्च धरलेला आहे. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाते आणि ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. लाखो कुटुंबांना तिने कर्जातून वाचवले आहे, हे मान्य करूनच पुढचे बोलतो. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था मणक्याचे हाड केवळ कापून दाब मोकळा केला असेल तर ३० दिवस, आणि मणके सांधले असतील तर ९० दिवस जखमेच्या संसर्गावर लक्ष ठेवायला सांगते, कारण खोलवरचा संसर्ग बहुधा घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात किंवा त्याहूनही उशिरा उघडा पडतो. म्हणजे संसर्गाची जमीन ज्या तीन महिन्यांत तयार होते तेही पॅकेजबाहेर आणि संसर्ग ज्या तीन महिन्यांत दिसतो त्यांतला मोठा भागही पॅकेजबाहेर. मधले ऑपरेशन तेवढे आत. जे मोजले आणि दिले जाते तेच केले जाते, हा नियम रुग्णालयांनाच काय, कोणालाही लागू आहे.

म्हणून ठरवून करायच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या पूर्वमंजुरीच्या अर्जातच मधुमेहाची तपासणी नोंदवणे सक्तीचे असावे, आधी निदान झालेले असो वा नसो; आणि साखर फार वाढलेली आढळली तर मंजुरी नाकारण्याऐवजी योजनेने सहा-आठ आठवड्यांच्या तयारीचे वेगळे पॅकेज द्यावे, ज्यात फिजिशियनच्या भेटी, इन्सुलिन, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि सिगारेट-तंबाखू सोडण्याची मदत असेल. त्याच दिवशी शस्त्रक्रियेची तारीखही लेखी दिली जावी आणि तयारीनंतर आकडा अपेक्षेइतका उतरला नाही तरी ती तारीख रद्द न होता, शल्यविशारद व रुग्ण यांनी मिळून निर्णय घ्यावा. तारीख हातात नसेल तर थांबणे म्हणजे नकारच, हे सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला कळते. नंतरच्या ९० दिवसांत आरोग्यमित्राचे, म्हणजे रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाचे, दोन-तीन फोन, जखमेची एखादी तपासणी आणि संसर्ग झाल्यास पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया त्याच मंजुरीत धरली जावी. एचबीए१सीचा खर्च काही शे रुपये आहे; संसर्ग झालेल्या एका रुग्णाच्या प्रतिजैविकांचे बिल त्याच्या कितीतरी पट असते आणि तेही शेवटी सरकार किंवा सावकार यांपैकी कोणीतरी भरतोच.

हा नियम सर्वांसाठी एकच असावा यामागे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. आज एखाद्या सचोटीच्या डॉक्टरने ‘दोन महिने थांबा’ म्हटले तर रुग्ण रस्त्याच्या पलीकडच्या रुग्णालयात जातो आणि आठवड्याभरात ऑपरेशन करून येतो. संयम पाळणाऱ्याचे नुकसान होत असेल, तर संयम व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर सोडून चालत नाही.

खाजगी विमा असलेल्यांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. विमा घेताना मधुमेह सांगितला नव्हता, आता सांगितला तर दावा फेटाळला जाईल, या भीतीने पुष्कळ रुग्ण दाखल होतानाही ‘शुगर नाही’ असेच सांगतात, चालू असलेल्या गोळ्या घरी ठेवून येतात, आणि काही वेळा घरचेच तसे बजावून पाठवतात. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणला आणि ५ वर्षे सलग हप्ते भरल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे ठरवून तीही मुदत कमी केली, हे चांगले झाले. पण लपवण्याची सवय नियमाच्या वेगाने जात नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलावर खोटे बोलण्याची वेळ रुग्णावर यावी, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत लाजिरवाणी बाब वाटते.

शेवटचा अडथळा नोंदींचा आहे. इंग्लंडमध्ये सांधेरोपणासारख्या अस्थिशस्त्रक्रियांनंतरच्या जखमेच्या संसर्गाची नोंद २००४ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे अशी सक्ती आणली तर गुंतागुंतीचे, मधुमेही, वृद्ध रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांचेच आकडे वाईट दिसतील आणि उद्या ती रुग्णालये असे रुग्ण टाळू लागतील, अशी भीती शल्यविशारद व्यक्त करतात, आणि ती खोटी नाही. म्हणून सुरुवातीला हे आकडे कोणाची क्रमवारी लावण्यासाठी वापरू नयेत आणि रुग्णाचा मधुमेह, वजन, धूम्रपान व शस्त्रक्रियेचा प्रकार यांच्यासह ते नोंदवले जावेत. सुरुवात करायला गोवा सोयीचा आहे : राज्य लहान, मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय राज्यातल्या अवघड रुग्णांचा मोठा भार उचलते. तिथे मणक्याच्या प्रत्येक रुग्णाची शस्त्रक्रियेआधीची साखर आणि नंतरचे ९० दिवस दोन वर्षे नेमाने लिहिले गेले, तर पुढच्या वेळी हा वाद घालताना जपानच्या ३६ रुग्णांवर विसंबण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.